ड्रोन डिलिव्हरीच्या धंद्यात पैसे टाकू का? ठाणे-नवी मुंबईवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही कोण आणि हे सगळं तुम्ही का सांगताय?

मी ठाण्यात पॅथॉलॉजी सॅम्पल पिकअपचं काम करते, अकरा वर्षं झाली. घोडबंदर रोड, कोलशेत, मानपाडा, चरई, कळवा इथल्या छोट्या लॅब आणि कलेक्शन सेंटरमधून रक्त-लघवीचे सॅम्पल उचलायचे आणि महापे-रबाळेच्या बाजूच्या मोठ्या लॅबमध्ये वेळेत पोचवायचे. माझ्याकडे नऊ रनर आहेत, सगळे बाइकवर. दोन वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी विटावा सबवेखाली पाणी भरलं, माझा एक पोरगा साठ ट्यूबांचा डबा मांडीवर घेऊन पावणेदोन तास तिथेच अडकला आणि त्यातले बरेच सॅम्पल लॅबने रिजेक्ट केले. म्हणजे तेवढ्या लोकांना परत सुई. त्यात एक किमोवाली बाई होती, तिची शीर सापडायलाच अर्धा तास लागतो. त्या रात्रीपासून मी ड्रोनच्या मागे लागले. नियम वाचले, कंपन्यांना बोलावून डेमो बघितले, हिशेब मांडले. आता सोसायटीपासून सासरपर्यंत सगळे मला विचारतात की ड्रोनमध्ये पैसे टाकू का, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

ड्रोनने सामान पोचवणं खरंच कुठे चालू आहे की नुसते व्हिडिओच?

चालू आहे, आणि बरंच मोठ्या प्रमाणावर चालू आहे. रवांडात झिपलाइन कंपनी २०१६ पासून रक्ताच्या पिशव्या ड्रोनने पोचवतेय. तिथे डोंगराळ रस्ते आणि छोटी हॉस्पिटलं, तर यांचं विमानासारखं ड्रोन येतं, वरूनच छोट्या पॅराशूटने डबा सोडतं आणि न उतरता परत जातं. २०२४ पर्यंत त्यांच्या दहा लाख डिलिव्हऱ्या पूर्ण झाल्या होत्या. गूगलच्या मूळ कंपनीची विंग अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात घरोघरी देते, चीनमध्ये मेइतुआन शेन्झेनला जेवण देते.

आपल्याकडे सप्टेंबर २०२१ मध्ये तेलंगणात विकाराबादला औषधांची ट्रायल झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयसीएमआरने मणिपूरला लोकटाक तलावातल्या करांग बेटावर लस पाठवली, रस्त्याने २६ किलोमीटर होतं ते हवेतून १५ किलोमीटर आणि १२-१५ मिनिटांत काम झालं. मे २०२२ मध्ये पोस्टाने कच्छमध्ये ४६ किलोमीटरवर पार्सल २५ मिनिटांत नेलं. आणि हे आपल्या शेजारचं बघा, डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला कोविड लसीचे ३०० डोस नऊ-साडेनऊ मिनिटांत पोचले, एरवी त्याला चाळीस मिनिटं लागतात. २०२५ मध्ये पोस्टाने कर्जत-माथेरान ट्रायल घेतली तीही पंधरा-वीस मिनिटांत. माथेरानला गाडी दस्तुरीच्या पुढे जातच नाही, त्यामुळे तिथे ड्रोनला अर्थ आहे हे लहान मुलालाही कळेल.

ही सगळी ठिकाणं बघितली तर मधे डोंगर आहे, पाणी आहे नाहीतर रस्ताच नाही, आणि नेलेली वस्तू हलकी पण वेळेला महत्त्वाची. माझं या धंद्याबद्दल जे काही म्हणणं आहे ते एवढ्यावरच उभं आहे.

मग आपल्याकडे पिझ्झा आणि किराणा अजून हवेतून का येत नाही?

ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी डिसेंबर २०१३ मध्ये टीव्हीवर सांगितलं होतं की चार-पाच वर्षांत होईल. बारा वर्षांनंतरही त्यांची सेवा थोड्याच शहरांत आहे आणि कॅलिफोर्नियातलं लॉकफर्डचं केंद्र त्यांनी २०२४ मध्ये बंद केलं. वॉलमार्टसाठी काम करणाऱ्या ड्रोनअप कंपनीने पण त्याच वर्षी तीन राज्यांतलं काम गुंडाळलं, कारण एका डिलिव्हरीला जवळपास ३० डॉलर खर्च येत होता. म्हणजे अडीच हजार रुपये, एका पिशवीला!

आणि ती अमेरिका आहे, घरामागे अंगण असतं, ड्रोन तिथे दोरीने पिशवी सोडतं. आपल्या घोडबंदरच्या टॉवरमध्ये सत्ताविसाव्या मजल्यावर पिशवी सोडणार कुठे, बाल्कनीला ग्रिल, ग्रिलला कपडे आणि खाली मुलं खेळतायत. शेन्झेनमध्ये म्हणूनच ड्रोन घराशी येत नाही, ठरलेल्या कपाटासारख्या किऑस्कवर उतरतं आणि माणूस खाली जाऊन घेतो. गुरुग्रामच्या काही सोसायट्यांत ड्रोनने पार्सल यायला लागलीत, तिथेही ठरलेल्या जागीच उतरवतात. मग खाली जायचंच आहे तर गेटवर बाइकवाला दहा मिनिटांत येतोच आहे, आणि त्याचा खर्च ड्रोनच्या मानाने काहीच नाही. क्विक कॉमर्सचं डार्क स्टोअर, म्हणजे फक्त डिलिव्हरीसाठीचं छोटं गोदाम, तुमच्या गल्लीच्या टोकाला असताना दीड किलोमीटरसाठी ड्रोन उडवणं मला तरी पटत नाही.

ठाणे-नवी मुंबईत ड्रोन उडवायला परवानगी आहे का?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरं तर आधी विचारायला पाहिजे.

ड्रोन नियम २०२१, २५ ऑगस्ट २०२१ ला आले. त्याआधीचा कारभार फार किचकट होता, या नियमांत फॉर्म २५ वरून ५ वर आणले. आकाशाचे तीन भाग केले, हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी नको. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त २०० फुटांपर्यंत हिरवं, त्याच्या वर पिवळं, म्हणजे एटीसीला, विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षाला, विचारायचं. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच.

आता आपली गंमत बघा, आपण दोन विमानतळांच्या मधे आहोत. एका बाजूला सांताक्रूझ-अंधेरीचा जुना, दुसऱ्या बाजूला ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडवायला लागलेला नवी मुंबई विमानतळ. उलवे, बेलापूर, खारघर, पनवेल त्याला खेटून आहेत. त्यात खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र, उरणकडे तेलाची मोठी ठिकाणं आणि बंदर. दोन वर्षांपूर्वी नेरूळ-बेलापूर डोळ्यापुढे ठेवून ज्यांनी ड्रोनचे प्लॅन केले असतील त्यांना ते फाडून नव्याने बसावं लागणार, आणि तुम्हाला कोणी जुना नकाशा दाखवून पैसे मागत असेल तर तिथेच थांबवा. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन पोर्टलवरचा नकाशा त्या दिवशीचा बघायचा, तो बदलत राहतो. वर पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश अधूनमधून निघतात, सण, व्हीआयपी दौरे, बंदोबस्त, तेव्हा आकाश हिरवं असलं तरी ड्रोन खालीच.

आणि उंचीचा मुद्दा कोणीच बोलत नाही. २०० फूट म्हणजे साधारण वीस मजले, ४०० फूट म्हणजे चाळीस. पाम बीच रोडचे आणि घोडबंदरचे टॉवर आठवा. जेवढ्या उंचीवर उडायची मुभा आहे त्याच उंचीवर आपल्या लोकांच्या खिडक्या आहेत, म्हणजे ड्रोन इमारतींच्या वरून नाही, मधून जाणार. म्हणून मला शहरावरून जाणाऱ्या मार्गांपेक्षा खाडीच्या कडेने जाणारे ठरलेले मार्ग जास्त खरे वाटतात.

अजून एक अडथळा म्हणजे नजरेच्या पलीकडे उडवणं. पायलटला ड्रोन डोळ्याने दिसतंय तोवर साधा नियम, त्यापुढे गेलं की वेगळी परवानगी, आणि ती आतापर्यंत ट्रायल आणि ठराविक कामांसाठी मिळत आलीय. डिलिव्हरीचा सगळा धंदा नजरेच्या पलीकडचाच आहे हो, डोळ्याला दिसतंय तेवढ्या अंतरावर तर माझा पोरगा चालत देऊन येईल. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने नागरी ड्रोनसाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी काढला. गुंतवणूक करणाऱ्याने कंपनीच्या जाहिरातींपेक्षा असल्या मसुद्यांवर जास्त लक्ष ठेवावं.

एका फेरीचा हिशेब सांगा ना, बाइक विरुद्ध ड्रोन.

सांगते, पण बाइकचे आकडे माझ्या वहीतले आहेत आणि ड्रोनचे मला मिळालेल्या कोटेशनवरून धरलेले. तुमचे वेगळे येतील, तुम्ही तुमचे टाका.

बाइक: एक रनर पगार, पेट्रोल, मेंटेनन्स, जेल पॅक, डबा सगळं धरून महिन्याला साधारण २६ हजारांना पडतो. माजिवडा ते महापे अशा लांबच्या तीन फेऱ्या दिवसाला, २६ दिवस, म्हणजे ७८ फेऱ्या. एक फेरी ३३३ रुपये. एका फेरीत चाळीस सॅम्पल धरले तर एका सॅम्पलला आठ-साडेआठ रुपये. ही लढाई एवढी अवघड आहे, साडेआठ रुपयांशी.

ड्रोन: आठ लाखांचं यंत्र तीन वर्षांत वसूल करायचं तर महिन्याला २२ हजार. बॅटऱ्या ठरावीक चार्जिंगनंतर मरतात, त्यांचे १५ हजार बाजूला. पायलट ३५ हजार. दुसऱ्या टोकाला डबा उतरवून घ्यायला, बॅटरी बदलायला माणूस, १८ हजार. विमा, दुरुस्ती, सॉफ्टवेअर मिळून १५ हजार. एकूण झाले १ लाख ५ हजार.

दिवसाला आठ फेऱ्या केल्या तर महिन्याला २०८, एक फेरी ५०५ रुपये. बारा केल्या तर ३१२, एक फेरी ३३७, म्हणजे बाइकच्या बरोबरीला आलं. वीस केल्या तर २०० च्या आसपास, पण बॅटऱ्या लवकर मरणार म्हणून थोडं जास्तच धरा. म्हणजे माझ्या हिशेबाने रोज बारा फेऱ्यांचं काम पक्कं हातात असल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. ठाण्यात एकट्या माझ्याकडे एका मार्गावर बारा फेऱ्यांचं काम नाही. चार-पाच पिकअपवाले, एक-दोन हॉस्पिटलं आणि एखादी ब्लड बँक एकत्र आली तर होतं.

आणि आता यातला खरा आकडा बघा, पायलटचा. आज एक पायलट एक ड्रोन. उद्या स्क्रीनवर बसून एका पायलटला पाच ड्रोन बघायची परवानगी मिळाली तर ३५ चे ७ हजार होतात, महिन्याचा खर्च ७७ हजारांवर येतो आणि बारा फेऱ्यांतच एक फेरी २४७ ला पडते. तिथे ड्रोन बाइकला हरवतं. म्हणून कुठलीही ड्रोन कंपनी समोर आली की मी स्पीड आणि किलो नंतर विचारते, पहिल्यांदा विचारते की एका पायलटमागे किती ड्रोन आणि त्याची परवानगी कागदावर आहे का. डेमोला आलेल्या एका कंपनीच्या माणसाने (नाव नको) या प्रश्नावर सरळ विषय बदलला आणि रंगीत ब्रोशर पुढे केलं, मी चहा पाजून पाठवून दिलं.

अजून एक, नुसता फेरीचा खर्च धरू नका, वाया जाणाऱ्याचा पण धरा. रिजेक्ट झालेलं एक सॅम्पल म्हणजे रक्त काढणाऱ्या फ्लेबोची दुसरी फेरी, ट्यूब, पेशंटचा राग आणि डॉक्टरांचा फोन. ज्या टेस्टला वेळ नसतो त्यांची किंमतच वेगळी, आर्टेरियल ब्लड गॅस, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या ऑक्सिजन वगैरेची टेस्ट, अर्ध्या तासात मशीनवर लागावी लागते, ती आज मी घेतच नाही कारण बाइकने शक्यच नाही. हवेतून माजिवडा-महापे बारा-तेरा किलोमीटर, म्हणजे तेवढीच मिनिटं. ड्रोनचा धंदा असाच होईल, आज जे काम कोणी घेत नाही त्या कामात. तिथे फेरीचे सहाशे मागितले तरी हॉस्पिटल देईल.

पावसाळ्यात काय?

पावसाळा हा या धंद्यातला सगळ्यात अवघड घाट आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जो पाऊस पडतो त्यात छोटं ड्रोन उडवायचं नाव काढू नका. रिमझिम चालते, काही यंत्रं थोडा पाऊस सोसतात, पण जुलैतल्या धारा आणि खाडीवरचा वारा वेगळा. वरच्या हिशेबात जुलैचे दहा दिवस काढून टाका, बारा फेऱ्या गुणिले सोळा दिवस म्हणजे १९२, एक फेरी साडेपाचशेला गेली. शिवाय त्या दहा दिवसांसाठी बाइकवाले पोसायचेच आहेत. मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं की ज्या दिवशी विटाव्याला पाणी भरतं, ज्या महिन्यांत डेंग्यू वाढतो आणि प्लेटलेटसाठी नातेवाईक या ब्लड बँकेतून त्या ब्लड बँकेत पळतात, नेमकं तेव्हाच ड्रोन जमिनीवर असणार. पण रोज चोवीस तास धार नसते, पाऊस तासभर थांबतो आणि रस्ता मात्र तीन तास तुंबलेलाच असतो, त्या मधल्या वेळेत ड्रोन निघू शकतं. म्हणून कंपनीला विचारा की गेल्या जुलैमध्ये तुम्ही किती फेऱ्या ठरवल्या आणि किती केल्या. राजस्थानातल्या ट्रायलचे आकडे इथे चालत नाहीत.

हवेत हलून सॅम्पल खराब होत नाहीत?

मलाही हीच भीती होती. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या टीमने २०१५ मध्ये ड्रोनमधून फिरवलेले आणि न फिरवलेले सॅम्पल तपासून बघितले, नेहमीच्या टेस्टमध्ये काही फरक आला नाही. २०१७ मध्ये त्यांनी ॲरिझोनात जवळपास २६० किलोमीटर उडवून पाहिलं, तिथे महत्त्वाचं ठरलं ते डब्यातलं तापमान राखणं. आयसीएमआरनेही मे २०२३ मध्ये दिल्ली-ग्रेटर नोएडाकडे रक्ताच्या पिशव्यांची ट्रायल घेतली. खरं सांगू का, आपल्या खड्ड्यांतून बाइकवर जे हिमोलिसिस होतं, म्हणजे हलून रक्तपेशी फुटतात, त्यापेक्षा ड्रोनचं हलणं कमीच असावं असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र पक्की, पेशंटचे सॅम्पल धोकादायक मालाच्या नियमांत येतात, त्यामुळे तीन थरांचं पॅकिंग लागतं, आत ट्यूब, मधे न गळणारा डबा, बाहेर कडक पेटी. प्लास्टिकच्या पिशवीत ट्यूब टाकून ड्रोनला लटकवणारा कोणी दिसला तर त्याच्याशी धंदा करू नका.

ड्रोन कोणाच्या डोक्यात पडलं तर पैसे कोण देणार?

२५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, गाडीसारखाच. शिवाय टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता), ड्रोनचा स्वतःचा नोंदणी क्रमांक आणि पायलटचं प्रमाणपत्र हवं. गुंतवणूक करताना या चारही कागदांच्या प्रती मागा.

पण विम्याने पैसे मिळतात, विश्वास मिळत नाही. स्वित्झर्लंडचं उदाहरण मी सगळ्यांना सांगते. तिथलं पोस्ट खातं हॉस्पिटल आणि लॅबच्या मधे सॅम्पल नेत होतं, म्हणजे हुबेहूब माझा धंदा, आणि छान चाललं होतं. जानेवारी २०१९ मध्ये एक ड्रोन झ्युरिकच्या तलावात गेलं, मे मध्ये दुसरं शहरात लहान मुलं होती त्यापासून थोड्या अंतरावर कोसळलं. कोणाला लागलं नाही, तरी सेवा थांबवावी लागली. दोन अपघातांत! कळवा-मुंब्र्याच्या गर्दीवर असं एकदा जरी झालं तरी पुढची पाच वर्षं कोणी परवानगीच्या फाइलला हात लावणार नाही, म्हणून खाडीवरून थोडा वळसा पडला तरी मी तोच मार्ग धरीन.

घारी, फ्लेमिंगो, संक्रांतीचा मांजा?

तिन्ही खरे अडथळे आहेत. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तिथे मनात आलं म्हणून ड्रोन नेता येत नाही, वन खात्याला विचारूनच मार्ग आखावा लागणार आणि ते बरोबरच आहे. घारी ड्रोनच्या अंगावर येतात हे लग्नाचं शूटिंग करणारा कोणीही सांगेल. संक्रांतीचा आठवडा सुट्टी धरा. ऐरोली-कळव्याकडच्या हाय टेन्शन तारा यादीत मीच घातल्या, कंपनीवाल्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही.

आमच्या सोसायटीची गच्ची ड्रोनला भाड्याने देता येईल का, मोबाइल टॉवरसारखी?

आज कोणी महिन्याचं भाडं देईल अशा आशेवर बजेट करू नका. पुढे होऊ शकतं. तेव्हाही जनरल बॉडीत ठराव, स्ट्रक्चरल ऑडिट, फायरचं बघणं आणि लिफ्टच्या रूमजवळ बॅटरी चार्ज करायची नाही एवढं तरी लिहून घ्या. आवाजाचा विचार करा, ऑस्ट्रेलियात कॅनबेराला लोकांनी मुख्य तक्रार आवाजाचीच केली होती. वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना आधी विचारा.

शेअर घ्यायचे तर कुठले?

मी सल्लागार नाही, टिप देत नाही. पण आपल्या महाप्याचंच उदाहरण आहे, त्यातून बरंच शिकता येतं. आयडियाफोर्ज, आयआयटी मुंबईच्या मुलांनी २००७ मध्ये काढलेली कंपनी, मला तिचा अभिमान वाटतो, रोज माझे रनर त्याच भागात जातात. जून २०२३ मध्ये आयपीओ आला ६७२ रुपयांना, शंभरपटीच्या वर भरला, जुलैमध्ये १३०० च्या आसपास लिस्ट झाला. नंतर भाव घसरत ६७२ च्याही खाली गेला. २०२३-२४ मध्ये साधारण ३१४ कोटींची विक्री आणि नफा होता, पुढच्याच वर्षी विक्री १६१ कोटींवर आली आणि ६२ कोटींचा तोटा. कंपनी बुडाली का, नाही. तिचं मुख्य गिऱ्हाईक लष्कर आणि सरकार, ऑर्डर एक वर्ष येते, एक वर्ष येत नाही. आणि ती कंपनी पार्सल पोचवतच नाही, टेहळणी आणि मॅपिंगची ड्रोन बनवते. ड्रोन डिलिव्हरी वाढणार म्हणून ज्यांनी तो शेअर घेतला त्यांनी दुसऱ्याच धंद्यात पैसे टाकले.

आज देशात ड्रोनचा पैसा मुख्यतः लष्कर, शेतीची फवारणी आणि सर्व्हे यात आहे. स्वामित्व योजनेत गावठाणांचे नकाशे ड्रोनने झाले, ड्रोन दीदी योजनेत बचत गटांना ड्रोन मिळतायत. डिलिव्हरी हा त्यातला अगदी छोटा तुकडा. ताळेबंद बघताना डिलिव्हरीचं उत्पन्न वेगळं दाखवलंय का ते बघा.

एकाने सांगितलं तीन लाख द्या, तुमच्या नावाचं ड्रोन आम्ही चालवतो आणि महिन्याला तीन टक्के पक्के. देऊ का?

नको. हात जोडून सांगते, नको. वरचा हिशेब परत वाचा, स्वतः चालवणाऱ्याला बारा फेऱ्यांवर जेमतेम बाइकची बरोबरी करता येते, हा तुम्हाला वर्षाला छत्तीस टक्के कुठून देणार? पुढच्या माणसाच्या पैशातून. आमच्या ओळखीच्या एका रिटायर्ड काकांनी ग्रॅच्युइटीतले पैसे अशाच एका योजनेत घातले, चार महिने हप्ता आला आणि मग ऑफिसला कुलूप. ठेवी घ्यायला परवानगी लागते, त्यासाठी २०१९ चा केंद्राचा कायदा आहे आणि ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा एमपीआयडी आहे. फसलाच असाल तर लाजू नका, आर्थिक गुन्हे शाखेत जा. एजंटला फक्त ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि उडवल्याची नोंद मागा, फोन उचलायचं बंद करेल.

माझ्याकडे पाच-सात लाख आहेत आणि मला खरंच या क्षेत्रात काम करायचंय.

मग यंत्र घेऊ नका, हात तयार करा. रिमोट पायलट प्रमाणपत्राला दहावी पास आणि १८ ते ६५ वय चालतं, मान्यताप्राप्त संस्थेतूनच कोर्स करा. नुसते पायलट आता बरेच होतायत, दुरुस्ती आणि बॅटरीची तब्येत कळणारी माणसं कमी दिसतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्सची इतकी छोटी वर्कशॉप आहेत, तिथे बॅटरी टेस्टिंग आणि मोटर दुरुस्तीचं टेबल टाकायला पाच लाख पुरावेत. तयार परदेशी ड्रोन आणायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुटे भाग येतात, म्हणजे जोडणी आणि दुरुस्ती इथेच होणार. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रोनवरचा जीएसटीही सरसकट ५ टक्के झाला. फवारणी, सर्व्हे, डिलिव्हरी, कोणाचंही ड्रोन असो, ते तुमच्या टेबलावर येईल. शहापूर-मुरबाडकडे सर्पदंशावरचं प्रतिविष आणि रक्त नेण्याचं काम सरकारी टेंडरमधून निघालं तर स्थानिक मेंटेनन्सवाला लागणारच.

तुमच्या पोरांच्या नोकऱ्या जातील ना ताई?

या प्रश्नाने मला झोप लागत नाही हे खरं आहे. नऊ घरं आहेत ती. पण सॅम्पल दवाखान्यातून उचलून ड्रोनपर्यंत कोण आणणार, पलीकडे उतरवून लॅबच्या खिडकीवर कोण देणार? लांबची फेरी कमी होईल, जवळच्या वाढतील. दोन पोरांना मी कोर्सला घातलंय, एकाची फी मी भरली, एकाने अर्धी स्वतः भरली. बाकीच्यांना सांगून ठेवलंय की ड्रोन आलं म्हणून कोणाला काढणार नाही, आणि हे मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलंय.

तुम्ही स्वतः ड्रोनमध्ये पैसे घातलेत का?

त्या दीड फिया आणि स्वतःचा वेळ, बस. चार लाख बाजूला ठेवलेत. ठाणे-महापे मार्गाला नजरेपलीकडची कायम परवानगी असलेला ऑपरेटर आला आणि आम्ही पाच पिकअपवाले मिळून बारा फेऱ्यांचं लेखी काम देऊ शकलो, तर त्या दिवशी मी ते त्याच्यासोबत लावीन. यंत्र त्याचं, फेऱ्यांची हमी आमची. तीन जण तयार आहेत, दोघं म्हणतात आधी एक पावसाळा बघू. मला त्यांचं चुकीचं वाटत नाही.

आमची पण लॅब आहे नवी मुंबईत, सुरुवात कुठून करू?

एक दोनशे पानी वही घ्या आणि महिनाभर प्रत्येक फेरी लिहा. निघाली किती वाजता, पोचली किती वाजता, ट्यूब किती, वजन किती, रिजेक्ट किती आणि का. माझा सगळ्यात जड डबा जेल पॅकसकट साडेतीन किलोचा निघाला, मी आयुष्यभर तो सहा किलोचा समजत होते, त्यामुळे लहान ड्रोन चालतं हे कळलं. आणि दुपारी अडीचची फेरी कधीच अडकत नाही, अडकते ती संध्याकाळी सहाची. ड्रोन लागलंच तर फक्त त्या फेरीला आणि अर्जंटला लागणार. वही भरली की मला दाखवा, तुमच्या आणि आमच्या फेऱ्या एका मार्गावर येत असतील तर चौथ्या तुम्ही.